लाइट गेली की लिनक्स ‘इनिटरॅमएफएस’वर अडकतं: एकदा अडकलं तर काय करायचं, आणि पुन्हा पुन्हा अडकत असेल तर कुठं बघायचं

वळवापासून परतीच्या पावसापर्यंत कोल्हापुरात ही तक्रार ठरलेली. कुठंतरी फांदी तारेवर पडते, डीपी उडते, थोड्या वेळानं लाइट परत येते. कॉम्प्युटर चालू करावा तर मिंट किंवा उबंटूचं चिन्ह येत नाही. काळ्या पडद्यावर बिझीबॉक्सची आवृत्ती, खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ (मूळ सिस्टम जोडण्याआधी चालणारी तात्पुरती छोटी सिस्टम), पुढं लुकलुकणारा कर्सर. कुणीतरी फोनवर एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायला सांगतं, मशीन उठतं, काम सुरू होतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

एफएससीकेनं मशीन उठतं हे खरं. पण मिंट-उबंटूची नेहमीची फाइलसिस्टम (डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत) म्हणजे ईएक्सटी४, आणि ती जर्नल ठेवणारी आहे. कुठल्या फाइलचं नाव, जागा, आकार बदलायचा आहे याची नोंद आधी जर्नलमध्ये होते, मग प्रत्यक्ष बदल होतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही नोंद दर ५ सेकंदांनी पक्की होते. लाइट गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना जर्नल वाचून अर्धवट राहिलेलं काम एक-दोन सेकंदांत पूर्ण केलं जातं आणि तुम्हाला काही कळतही नाही. शेवटच्या काही सेकंदांतलं टायपिंग जाईल, पण फाइलसिस्टम मोडायला नको. हातानं एफएससीके चालवायची वेळ वारंवार येत असेल, तर लाइट हे निमित्त आहे. दोष डिस्कमध्ये, केबलमध्ये, मदरबोर्डच्या सेलमध्ये, यूपीएसमध्ये किंवा कधीतरी स्पीडसाठी केलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये असतो.

पुढं आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.

आधी पडद्यावरचं वाचा

काळा पडदा दिसला की सगळे त्याला एकच आजार समजतात. तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली: ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी; रन एफएससीके मॅन्युअली’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच ओळीत पार्टिशनचं नाव असतं, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए२. ओळ वर सरकून गेली असेल तर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा, संदेश नावासकट पुन्हा येतो. हाच आपला मुख्य विषय.

दुसरी: ‘अलर्ट! यूयूआयडी... डझ नॉट एक्झिस्ट’. इथं फाइलसिस्टम बिघडलेली नाही, डिस्कच दिसत नाही. एफएससीके चालवून उपयोग नाही, कारण कशावर चालवणार? ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ देऊन बघा. यादीत डिस्क नसेल तर केबल आणि बायोस (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग) तपासा. यावर पुढं सेलच्या भागात येतो.

तिसरी: ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’. बहुतेक वेळा मूळ सिस्टम ठीक असते, पण एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या फाइलमध्ये) लिहिलेली दुसरी एखादी डिस्क (जास्त करून विंडोजचा डी ड्राइव्ह किंवा काढून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क) जोडता आलेली नसते. एफस्टॅबमधल्या त्या ओळीच्या चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ हा पर्याय घाला, विषय संपला. आणि तो ड्राइव्ह एनटीएफएस असेल तर त्याची दुरुस्ती विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्कनंच करा, लिनक्समधून नको.

लाइट गेल्यानंतर उबंटूत ग्रबचा (सुरुवातीला कुठली सिस्टम चालवायची ते विचारणारा) मेनू अचानक ३० सेकंद थांबलेला दिसतो, त्यानंही लोक घाबरतात. मागच्या वेळी सुरू होणं पूर्ण झालं नव्हतं एवढीच ती खूण आहे. एंटर दाबा.

मशीन उठवणं

लाइट आल्याबरोबर हात घालू नका. पावसात लाइट आली की दोन-चारदा ये-जा करते, आणि दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यांदा गेलेली लाइट पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करते. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. याच कारणासाठी बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ नावाची सेटिंग शोधून ती ‘पॉवर ऑफ’वर ठेवा. ती ‘ऑन’वर असली की लाइटच्या प्रत्येक झटक्याला मशीन स्वतःहून सुरू होतं आणि प्रत्येक वेळी मधेच बंद पडतं. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीला कारखान्यातलं मशीन सकाळी आपोआप चालू व्हावं म्हणून कुणीतरी ही सेटिंग ‘ऑन’ करून ठेवलेली असते आणि नंतर ती कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एफएससीके चालवायच्या आधी पडद्यावर ‘आय/ओ एरर’ किंवा ‘एटीए१.००: फेल्ड कमांड’ अशा ओळी आहेत का बघा. असतील तर थांबा. डिस्क वाचताच येत नाही असा त्याचा अर्थ. अशा डिस्कवर ‘सगळ्याला हो’ म्हणत दुरुस्ती चालवली तर वाचू शकणारा मालही इकडचा तिकडं होतो. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, त्याची रीत खाली आहे.

अशा ओळी नसतील तर:

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

पार्टिशनचं नाव तुमच्या पडद्यावरचं घाला. एनव्हीएमई एसएसडी असेल तर ते /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ असं लांबलचक असतं. इन्स्टॉल करताना एलव्हीएम निवडलं असेल तर /डेव्ह/मॅपर/ नं सुरू होतं, आणि मिंटमध्ये साधारणपणे शेवटी ‘व्हीजीमिंट-रूट’ येतं. इथं सुडो (प्रशासकाचा अधिकार मागणारा शब्द) लागत नाही, तुम्ही रूट, म्हणजे प्रशासकच असता. ‘-वाय’ न देता चालवलं तर प्रत्येक चुकीला विचारणा होते, आणि चुका शेकड्यानं असतील तर ‘वाय’ची कळ दाबून बोट दुखेल.

शेवटी ‘फाइल सिस्टम वॉज मॉडिफाइड’ आलं की तीच आज्ञा ‘-वाय’च्या आधी ‘-एफ’ घालून पुन्हा एकदा चालवा. ‘-एफ’ नसेल तर ती पूर्ण तपासणी न करताच ‘क्लीन’ म्हणून मोकळी होते. दुसरी फेरी काहीही न दुरुस्त करता संपायला हवी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही नव्या चुका निघत असतील तर दोष फाइलसिस्टमचा नाही, खाली डिस्क किंवा रॅम गडबड करतंय. फेरी दुरुस्तीविना संपली की ‘एक्झिट’. पुढं सरकलं नाही तर ‘रीबूट -एफ’.

आधी नुसतं बघायचं असेल तर ‘-वाय’ऐवजी ‘-एन’ द्या, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मात्र या पद्धतीत जर्नलही चालवलं जात नाही, त्यामुळे आहेत त्यापेक्षा जास्त चुका दिसतात. तो आकडा बघून हबकू नका.

‘सुपरब्लॉक’ (फाइलसिस्टमची मूळ माहिती असलेला भाग) वाचता येत नाही असं म्हणालं, तर त्याच्या राखीव प्रती असतात. ४ केबीच्या ब्लॉकवर (घरगुती डिस्कवर हाच असतो) पहिली प्रत ३२७६८ वर, दुसरी ९८३०४ वर:

ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीए२

इंटरनेटवर प्रतींची यादी काढायला ‘एमकेई२एफएस -एन’ सांगितलेलं सापडेल. त्यातलं ‘-एन’ राहिलं तर ती आज्ञा पार्टिशन नव्यानं फॉरमॅट करते. वरचे दोन आकडे पाठ ठेवणं जास्त शहाणपणाचं.

सुरू झाल्यावर मुळाशी ‘लॉस्ट+फाउंड’ हे फोल्डर रूट म्हणून उघडून बघा. ज्यांचं नाव-गाव हरवलं अशा फाइल तिथं # आणि आकडा अशा नावानं येतात. ‘फाइल’ ही आज्ञा चालवली की त्यातलं चित्र कुठलं, पीडीएफ कुठली हे कळतं.

आणि चालू असलेल्या, माउंट केलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच नाही. टर्मिनल उघडून ‘एकदा चेक करून घेतो’ म्हणत चालवलं तर धडधाकट फाइलसिस्टमही मोडते. चालू सिस्टमची तपासणी हवी असेल तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एफएससीके.मोड=फोर्स एफएससीके.रिपेअर=येस’ जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो.

वरचं सगळं ईएक्सटी४ चं झालं. फेडोरा वर्कस्टेशन ३३ व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस वापरतं. तिथं एफएससीके काहीच करत नाही, आणि ‘बीटीआरएफएस चेक --रिपेअर’ ही आज्ञा जाणत्यानं सांगितल्याशिवाय चालवायची नसते.

लाइटच गेली होती ना?

हा प्रश्न वायफळ वाटतो, पण मशीन हँग होऊन बंद केलं असेल तरी पडद्यावर हेच येतं. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ देऊन मागच्या सत्राचा शेवट वाचा. साधी कामं चालू असताना नोंदी मधेच तुटल्या असतील तर वीज गेली. शेवटच्या पानावर ‘आय/ओ एरर’, ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ किंवा ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टम रीड-ओन्ली’ दिसलं तर बिघाड आधीच सुरू झाला होता आणि लाइटनं फक्त तो उघड केला. नोंदी लिहायचीच जागा बिघडली असेल तर तिथं काहीच सापडत नाही, म्हणून दुसरी तपासणी:

सुडो ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए२

(‘एल’ छोटा.) यात ‘एफएस एरर काउंट’ आणि ‘फर्स्ट एरर टाइम’ या ओळी आल्या तर पहिली चूक कधी झाली ती तारीखच मिळते. त्या दिवशी लाइट गेली नव्हती असं आठवत असेल, तर यूपीएसच्या नावानं बोटं मोडणं थांबवा.

हँग झालेलं मशीन पॉवरचं बटण दाबून धरून बंद करणं म्हणजे हातानं लाइट घालवणंच. त्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरा आणि एस, यू, बी या कळा दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं दाबा. एसनं साठलेला डेटा डिस्कवर जातो, यूनं डिस्क फक्त-वाचन होते, बीनं मशीन पुन्हा सुरू होतं. आर-ई-आय-एस-यू-बी असा लांब मंत्र सगळीकडे सांगतात, पण उबंटूत यातल्या कुठल्या कळा चालतील ते ठरवणारा आकडा १७६ ठेवलेला असतो, म्हणजे १६ + ३२ + १२८: नेमक्या शेवटच्या तीन कळांना परवानगी.

डिस्क आणि केबल

स्मार्टमॉनटूल्स हे डिस्कची तब्येत सांगणारं पॅकेज टाका आणि:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

वरचं ‘पास्ड’ वाचून समाधान मानू नका. मरणाऱ्या डिस्कही बराच काळ ‘पास्ड’ म्हणत राहतात. खालच्या तक्त्यात उजवीकडचा शेवटचा रकाना, ‘रॉ व्हॅल्यू’, तो बघायचा.

क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर. थोडे असतील आणि महिनोन् महिने तेवढेच असतील तर चालतं, वाढत असतील तर नाही. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर, आणि १९८ त्याचंच भावंड. या दोन्हींपुढं शून्याशिवाय काहीही दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. एफएससीके वारंवार लागणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये पहिला संशय १९७ वरच घ्यावा.

१९९ चा अर्थ वेगळा. डिस्क ठीक आहे, पण डिस्क ते मदरबोर्ड या वाटेत डेटा बिघडतोय: साटा केबल सैल, वाकलेली किंवा तिच्या तोंडाशी धूळ. लेथ आणि ग्राइंडरच्या शेजारी असलेल्या मशीनमध्ये तर लोखंडाची बारीक पूड आत जातेच. केबल बदला, शक्यतो खटका असलेली घ्या, आणि मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून बदलताना तो लिहून ठेवा. नंतर वाढला नाही तर रोग केबलचाच होता. शंभरेक रुपयांच्या वस्तूसाठी लोक आख्खी डिस्क बदलतात, म्हणून हे एवढं सविस्तर.

एनव्हीएमईला हे क्रमांक नसतात. तिथं ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य हवं. ‘अनसेफ शटडाउन्स’ म्हणजे वीज अचानक किती वेळा गेली त्याची मोजदाद. हा आकडा नुसता बघण्यासारखा असतो.

मनात किंतु राहिला तर ‘स्मार्टसीटीएल -टी लाँग’ लावा. मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागतात, तेवढा वेळ मशीन बंद करायचं नाही. आकडे सगळे शुद्ध आणि तरी प्रत्येक फेरीत नव्या चुका, असं असेल तर रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. त्याची ६ पासूनची आवृत्ती यूईएफआय मशीनवरही चालते.

१९७ वाढलेल्या डिस्कची प्रत काढायला उबंटू-मिंटमध्ये ‘जीडीडीरेस्क्यू’ हे पॅकेज, आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, जुनीपेक्षा मोठी आणि रिकामी डिस्क माउंट करा, आणि:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीए जुनी.इमेज जुनी.मॅप

दोन्ही फाइल त्या नव्या डिस्कवरच हव्यात. मॅप फाइलमुळे मधेच लाइट गेली तरी काम होतं तिथून पुढं सुरू होतं. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग निघतो, मग ‘-एन’ काढून ‘-आर३’ घालून अवघड जागांसाठी दुसरी फेरी करा. एफएससीके करायचं ते या प्रतीवर, मूळ डिस्कवर नाही.

मदरबोर्डवरचा सेल

सीआर२०३२, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. चार-पाच वर्षांच्या मशीनमध्ये तो उतरलेला असतो आणि मेन लाइट चालू असेपर्यंत कळत नाही. लाइट गेली की घड्याळ जुन्या सालात जातं. मग एफएससीकेमध्ये ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’ ही ओळ येते. ती स्वतः निरुपद्रवी आहे, आजकाल आपोआप दुरुस्तही होते, पण सेल संपल्याची ती सगळ्यात स्वस्त सूचना. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर आधी घड्याळ बघा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेल नव्हे, दोन सिस्टम घड्याळ वेगवेगळ्या पद्धतीनं वाचताहेत.

खरा त्रास वेगळा आहे. सेल मेला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) एएचसीआय होता, तो काही मशीनवर रेड किंवा इंटेल आरएसटीवर जातो आणि लिनक्सला डिस्कच दिसेनाशी होऊ शकते: वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा पडदा. मोड परत एएचसीआयवर आणा, सेल बदला. सेल राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात किंवा घड्याळजीकडे मिळतो.

स्पीडच्या टिपा आणि एफस्टॅब

‘लिनक्स फास्ट कसं करावं’ छापाच्या व्हिडिओंमधून एफस्टॅबमध्ये घुसलेले चार पाहुणे शोधा: ‘नोबॅरियर’, ‘बॅरियर=०’, ‘डेटा=रायटबॅक’ आणि ‘कमिट=’पुढं मोठा आकडा. पहिले दोन ‘हे आधी लिही, ते नंतर’ हा डिस्कला द्यायचा हुकूमच काढून टाकतात, आणि जर्नलची सगळी भिस्त त्या क्रमावर असते. चारही काढा. त्याच ओळीचा सहावा रकाना मूळ पार्टिशनसाठी १ आणि बाकी लिनक्स पार्टिशनसाठी २ हवा. तिथं ० असेल तर तपासणी होतच नाही आणि चुका साठत जातात.

स्वस्त एसएसडीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ‘लिहिलं’ म्हणून सांगते तेव्हा डेटा अजून तिच्या तात्पुरत्या मेमरीत असू शकतो, आणि घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर तो उतरवून घेण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. ‘सुडो एचडीपार्म -डब्ल्यू०’ (डब्ल्यू मोठा, पुढं शून्य, मग डिस्कचं नाव) दिलं की साटा डिस्कचं लेखन-कॅश बंद होतं. लिहिण्याचा वेग जाणवण्याइतका कमी होतो. हिशेबाच्या मशीनवर मंजूर, व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनवर नाही.

यूपीएस

दुकानात दिसणारा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी घेऊन बसलेला असतो. हिशेबानं ८४ वॉट-तास, प्रत्यक्षात साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं. दोन-तीन वर्षांत बॅटरी जाते, हिरवा दिवा मात्र लागतच राहतो. तपासताना कॉम्प्युटर लावू नका. साठ किंवा शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. बल्ब पाच मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको. तापताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन मशीनसकट बंद पडतो, आणि बोल लाइटला लागतो.

घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’वर तो बदलायला इतका वेळ घेतो की पंखा-दिव्यांना चालतं, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बॅटरी काढून नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालवलेला लॅपटॉप या बाबतीत डेस्कटॉपच समजावा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल जोडा आणि ‘यूपॉवर -ई’ द्या. यादीत यूपीएस दिसला तर बॅटरी तळाला गेल्यावर डेस्कटॉप स्वतः नीट बंद होऊ शकतो, कृती पॉवर सेटिंगमध्ये तपासा. दिसला नाही तर ‘नट’ हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं पॅकेज घालून ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ किंवा ‘नटड्रव्ह_क्यूएक्स’ ड्रायव्हर वापरून बघा. पोर्टच नसेल तर उपाय माणसाचा: यूपीएसनं टिटिट सुरू केलं की फाइल सेव्ह, मशीन शटडाउन. गगनबावड्याकडं पावसाळ्यात गेलेली लाइट दहा मिनिटांत येईल या आशेवर बसू नये.

बॅकअपबद्दल एकच. मिंटमधला टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये फक्त सिस्टमच्या फाइल जपतो, तुमचं होम फोल्डर त्यात नसतं. ड्रॉइंग, बिलं, फोटो यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी काढा, आणि प्रत झाली की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर लाइटचा झटका तिलाही बसतो.